थांबणारा शेजारी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही बडोद्याहून पादरा येथे एका मराठी कुटुंबाच्या घरी प्रार्थनासभेसाठी गेलो होतो. घरधनी त्या तालुक्यातील एका कारखान्यात नोकरीला आहेत. पादरा म्हटले की जुन्या माणसांना भाजीपाल्याचा बाजार आठवतो. पण आज त्या रस्त्याने जाताना शेतांच्या जोडीला कारखान्यांच्या भिंती आणि टँकरांच्या रांगाही दिसतात. त्या सायंकाळी आम्ही शोमरोन्याच्या दाखल्यावर बोललो. सभा आटोपून चहा चालू असता घरातील महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाने आम्हांस विचारले :

"काका, परवा आमच्याकडे रसायनाच्या गळतीचा सराव झाला. एक माणूस टँकरजवळ पडला आहे असे दाखवले होते. अग्निशामक दलाची गाडी आली, पण कितीतरी दूर उभी राहिली. जवान दुर्बिणीने पाहत होते, फोनवर कोणाशी बोलत होते, मग सावकाश पोशाख चढवीत होते. शोमरोनी तर थेट जवळ गेला. मग हे लांब उभे राहणारे कोण? शोमरोनी, की याजक आणि लेवी?"

आम्ही काहीतरी उत्तर दिले, पण ते आमचे आम्हांलाच पटले नाही. रविवारच्या शाळेत हा दाखला शिकवणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाचा विचार करावा असे वाटते, म्हणून तो येथे मांडीत आहो.

प्रथम ते जवान कशासमोर उभे असतात हे पाहू. पादरा तालुक्यातील एकलबारा येथे थायोनिल क्लोराइड नावाचे एक रसायन तयार होते. ते बिनरंगी किंवा किंचित पिवळसर असे द्रव असून कातडीला लागले तर भाजते. पण त्याचा खरा धोका पाण्याशी गाठ पडल्यावर कळतो. पाणी लागताच त्यातून सल्फर डायॉक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन विषारी वायू निघतात. हिशेबाने पाहिले तर एक लिटर द्रवातून सुमारे एक हजार लिटर वायू निघू शकतो. दोन्ही वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे ते सखल जागी, नाल्यात, खड्ड्यात साचतात. म्हणजे आगीवर पाणी मारण्याची जी सवय अग्निशामकाच्या हाताला जन्मभर लागलेली असते, तीच येथे घात करते. पाण्याची जोराची धार अशा सांडलेल्या द्रवावर पडली तर जवान स्वतःच्या हाताने विषाचा ढग उभा करील.

हे रसायन दुष्ट आहे असे मात्र कोणी समजू नये. औषधे, रंग, कीटकनाशके यांच्या निर्मितीत ते लागते. त्याच्या साहाय्याने ॲसिड क्लोराइडे तयार करता येतात. तशाच पदार्थांपासून ॲरामिड नावाचा धागा बनतो, आणि अग्निशामकाच्या अंगावरील सहजासहजी पेट न घेणारा कोट त्या धाग्याचा असतो. देवाने निर्मिलेल्या सृष्टीतील द्रव्ये माणसाच्या हाती आली आहेत. ती कशी वागवायची हा हिशेब माणसाने द्यायचा आहे.

आता त्या थांबण्यात काय काय होते ते पाहा. गाडी वारा पाठीशी येईल अशा बाजूने आणि शक्यतो उंचावर उभी करतात. काय सांडले आहे ते दुरून वाचतात. लोकांना मागे हटवतात, धोक्याच्या जागेभोवती हद्द आखतात. अंगभर बंद पोशाख आणि पाठीवर हवेची नळकांडी घेऊन जवान जोडीने आत जातात. एकटा कोणी जात नाही. आत गेलेली जोडी अडकली तर तिला काढण्यासाठी दुसरी जोडी बाहेर पोशाख घालून तयार ठेवतात. नळकांड्यातील हवा अर्धा-पाऊण तास पुरते, श्रम झाले तर त्याहून कमी. म्हणून घड्याळ पाहणारा माणूस वेगळा असतो. कोरडी वाळू किंवा माती यांचा बांध घालून द्रव अडवतात. पाणी वापरलेच तर बारीक तुषारांच्या रूपाने, वायूच्या ढगावर, आणि ते द्रवाला लागणार नाही अशा बेताने. बाहेर आलेल्याला धुऊन काढल्याशिवाय पोशाख उतरवू देत नाहीत.

याजकही दूर राहिला आणि अग्निशामकही दूर राहिला. पाहणाऱ्याला अंतर सारखेच दिसते. परंतु याजक निघून जाण्यासाठी दूर राहिला, आणि अग्निशामक आत जाण्यासाठी दूर राहतो. शिवाय दाखला नीट वाचला तर दिसेल की शोमरोन्यापाशी तेल होते, द्राक्षारस होता, जनावर होते, उतारशाळेच्या मालकाला द्यायला पैसे होते. त्याचा कळवळा रिकाम्या हाताचा नव्हता. आणि मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा मोह आपल्या प्रभूने नाकारला, तोही येथे आठवावा. देव सांभाळील असे म्हणून विषारी ढगात उघड्या तोंडाने शिरणे याला विश्वास म्हणता येत नाही. त्याने मदत करणारा एक कमी होतो आणि मदत लागणारा एक वाढतो.

इतके बोलून थांबलो तर प्रश्न सुटल्यासारखा दिसेल. पण सुटलेला नाही. थांबण्याला किंमत आहे, आणि ती किंमत आत पडलेला माणूस देतो. त्याला वीस मिनिटे नसतील, पाचच असतील. त्याच्या आईला आपण काय सांगणार? शिस्त बरोबर होती, असे? आम्ही बराच काळ येथे अडलो होतो. मग आमच्या ध्यानात आले की जवान किती वेळ थांबणार हे बहुधा जवान ठरवीत नाही. ते दुसऱ्याच कोणीतरी आधी ठरवून ठेवलेले असते.

टँकरच्या मागे आणि दोन्ही बाजूंना एक पाटी असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे तिच्यावर मालाचे खरे शास्त्रीय नाव निदान 5 सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत, धोक्याचा वर्ग सांगणारा क्रमांक आणि चिन्ह, व माहिती देऊ शकणाऱ्या माणसाचा दूरध्वनी क्रमांक असावा लागतो. माल कोणता, धोका कोणता, अपघात झाला तर काय करावे, हे लिहिलेला कागद चालकापाशी असावा लागतो, आणि चालकाला तो समजावून दिलेला असावा लागतो. ती पाटी स्वच्छ आणि खरी असेल तर जवानाचे थांबणे काही मिनिटांचे होते. ती चिखलाने माखलेली असेल, जुन्या मालाची असेल, किंवा मुद्दाम खोटी असेल, तर जवानापुढे दोनच वाटा राहतात : अंधारात आत जाऊन मरावे, नाहीतर बाहेर राहून आतल्याला मरताना पाहावे. खोट्या पाटीने हा पेच त्याच्या गळ्यात घातलेला असतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही नववी आज्ञा आपण न्यायालयापुरती समजतो. पण टँकरवरची पाटी ही साक्षच आहे, आणि ती ज्याच्या जिवावर बेतते तो शेजारीच आहे.

मुंबईने याची किंमत फार पूर्वी मोजली आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजात आग लागली. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे 1,400 टन स्फोटक माल होता, पण धोक्याचा लाल बावटा जहाजावर नव्हता. अग्निशामक दलाचे जवान आले आणि पाणी मारीत राहिले. दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटले. त्या दिवशी 66 अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्यांच्या धैर्यात काही उणे नव्हते.

अलीकडचे उदाहरण गुजरातेतलेच आहे. 6 जानेवारी 2022 च्या पहाटे सुरतेजवळ सचिन येथील औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधील रसायन चोरून नाल्यात सोडले जात असता विषारी वायू पसरला. जवळच्या गिरणीतील सहा कामगार गेले आणि वीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. जे काम लपूनच करायचे असते, त्याला पाटी कोण लावणार?

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही या बाबतीत स्पष्ट निर्णय दिला आहे. 4 डिसेंबर 1985 रोजी दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम, म्हणजे धुमसणारे गंधकाम्ल, गळले. त्या प्रकरणी 20 डिसेंबर 1986 च्या निर्णयात न्यायालयाने म्हटले की धोकादायक धंदा करणाऱ्याचे समाजाबाबतचे कर्तव्य संपूर्ण आहे आणि ते दुसऱ्यावर सोपवता येत नाही. आम्हांस हे शास्त्राच्या शिकवणीला धरून वाटते. धोका मी निर्माण करावा आणि धैर्य मात्र अग्निशामकाने दाखवावे, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.

येथवर आम्ही कारखानदार आणि टँकरवाले यांच्याविषयी बोललो. आता स्वतःविषयी बोलले पाहिजे. काही वर्षांपूर्वी नाताळाच्या आधी मंडळीच्या सभागृहाची साफसफाई चालू होती. फरशीचे डाग काढण्यासाठी आणलेले ॲसिड मूळ डबा गळत असल्यामुळे आम्ही सरबताच्या एका रिकाम्या बाटलीत ओतून ठेवले. वर चिठ्ठी लावू असे मनात होते. लावली नाही, आणि बाजारात गेलो. सायंकाळी झाडलोट करणाऱ्या काकांनी मोरीत ब्लीचिंग पावडर टाकली आणि फिनेल समजून ती बाटली वर ओतली. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो. काका तेथेच कोसळले. तरुण संघातील दोघे तोंडाला रुमाल लावून आत धावले. तिघेही गुदमरत बाहेर आले. रुग्णालयात डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारीत होते, बाटलीत काय होते? ते सांगू शकणारे आम्ही एकटेच होतो, आणि आम्ही तासाभराने पोहोचलो.

देवाच्या कृपेने तिघेही वाचले. काकांचा श्वास थंडीत अजून लागतो. त्यांनी आम्हांस एका शब्दानेही दोष दिला नाही. पण त्यानंतर खोट्या साक्षीविषयी उपदेश करताना आमचा आवाज पूर्वीसारखा चढत नाही.

म्हणून रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. शोमरोन्याचा दाखला शिकवताना मुलांना टँकरवरची पाटी आणि तिच्यावरचे चिन्ह दाखवा. गळती दिसली तर जवळ जाऊ नये, सखल जागी थांबू नये, वाऱ्याला आडवे होऊन दूर जावे, आणि 101 किंवा 112 वर कळवताना पाटीवरचे जे दुरून दिसले असेल ते सांगावे, हे त्यांना शिकवा. घरातल्या ॲसिडच्या आणि औषधांच्या बाटल्या त्यांना तपासायला लावा. कोण्या अनोळखी माणसाला उद्या आपल्या दारी धावत यावे लागेल. त्याला खरी माहिती मिळावी एवढी व्यवस्था आज करून ठेवणे हीही शेजाऱ्यावरची प्रीती आहे.

पादरा येथील त्या मुलाला आम्ही हे सर्व पत्राने कळवले आहे. पुढील महिन्यात आमच्या सभागृहाची साफसफाई आहे. या खेपेस बाटल्यांवर चिठ्ठ्या लावण्याचे काम रविवारच्या शाळेतील मुलांकडे दिले आहे, आणि त्या नीट लागल्या की नाही हे काका पाहणार आहेत.