भिंतीपलीकडचा श्रोता

आमच्या बेळगाव भागात 'डीजे' हे आता माणसाचे नाव राहिलेले नाही. मूळचा तो तबकड्या लावणारा गृहस्थ. येथे त्याचा अर्थ एकावर एक रचलेल्या ध्वनिपेट्या असा झाला आहे. 'डीजे लावला' असे आपण म्हणतो. लावणारा त्या वाक्यातून निसटतो, आणि त्याची जबाबदारीही त्याच्यामागोमाग निसटते.

गेल्या वर्षी उचगावात आमच्या नात्यातील एका घरी वास्तुशांत होती. मळेकरणी देवीच्या जेवणावळींमुळे या गावास पाहुण्यांचे नवल नाही. सायंकाळी भाच्याने माजघरात ध्वनिपेटी मांडली आणि त्या बिचाऱ्याची त्रेधा उडाली. वडीलधाऱ्यांस कुमार गंधर्व हवे होते. १९२४ साली बेळगावपलीकडच्या सुळेभावीत जन्मलेला गवई म्हणजे घरचाच माणूस! पोरांना नाचाचे कन्नड गाणे हवे, तर गोव्याहून आलेल्यांना मांडो. एकास रिझवावे तो दुसरा चहाला उठे. शिवाय गोंगाटात माणूस नकळत आपला स्वर चढवितो. लोंबार नावाच्या फ्रेंच वैद्याने ही खोड १९११ साली नोंदविली आहे. माणसे ओरडू लागली की गाणे ऐकू येत नाही, म्हणून आवाज वाढवायचा, आणि माणसांनी त्याहून मोठ्याने ओरडायचे!

परंतु निमंत्रितांची भांडणे घरातल्या घरात मिटतात. खरा पेच सामाईक भिंतीपलीकडे असतो. उंच स्वर भिंतीत बरेचसे अडतात, खर्जाचे ठोके मात्र आरपार जातात. म्हणजे गाणे आपण ठेवून घ्यायचे आणि शेजाऱ्यास नुसती धडधड पाठवायची. त्या भिंतीआड एक आजारी आजी होती. दुपारी आम्ही विचारावयास गेलो, तेव्हा सुनेने हसून सांगितले, "वाजवा की ओ, रोज कुठं असतंय?"

ही संमती म्हणावी काय? १८७२ च्या करार कायद्यात मुक्त संमतीला बाध आणणाऱ्या गोष्टींची यादी आहे: बळजबरी, गैरवाजवी दडपण, कपट वगैरे. शेजारधर्माची भीड त्या यादीत नाही. हातात पेढे घेऊन दाराशी उभे असलेल्या माणसाला कोणती बाई नाही म्हणेल? पेढे नेण्याची कल्पना आमचीच होती, हे येथे कबूल केले पाहिजे.

नवाच्या सुमारास भाच्याने आवाज उतरविला. तरुण मंडळी कुरकुरली. आम्ही वकिली थाटात त्यांची बाजू घेतली: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र दहाला सुरू होते, अजून तास आहे! त्याच नियमांत निवासी भागास दिवसाही ५५ डेसिबलची मर्यादा आहे, हे आम्ही सोयीस्करपणे गाळले. इच्छा नसणाऱ्याच्या कानावर यंत्राने आवाज लादण्याचा हक्क कोणालाही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले आहे. तेही त्या वेळी आमच्या जिभेवर आले नाही. कायद्याचे ज्ञान असे अर्धेच बाहेर काढता येते.

भाचा एवढेच म्हणाला, "मामा, आजी आठाला निजतीय."

त्याने पेटी भिंतीपासून ओढली, खाली वाकळेची घडी घातली आणि खर्ज कापून टाकला. नाच मोडला. दोन पाहुणे न जेवताच निघाले. यजमानांनी आमच्याकडे रागाने पाहिले. थोड्या वेळाने पलीकडून खोकल्याचा आवाज आला. सायंकाळपासून तो आम्हांस प्रथमच ऐकू येत होता.