शिक्का आणि अक्षर

सरकारी संकेतस्थळावरचा आदेश पुष्कळदा असा तयार होतो. लिपिक तो संगणकावर टाइप करतो, प्रिंट काढतो, साहेब सही करतात, गोल शिक्का उमटतो, जावक क्रमांक पडतो. मग तो कागद स्कॅन होतो आणि पीडीएफ म्हणून संकेतस्थळावर चढतो. मुळात मजकूर होता. शेवटी उरला त्याचा फोटो. डोळस माणसाला हा फरक जाणवतही नाही. स्क्रीन रीडर लावून बसलेल्या अंध माणसासमोर मात्र यंत्र मुके होते, कारण वाचण्यासारखे एक अक्षरही त्याला सापडत नाही.

कायद्याची बाजू आता दुबळी राहिलेली नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. २०२३ ची सुधारित आवृत्ती डब्ल्यूसीएजी २.१ या जागतिक निकषांच्या ‘एए’ पातळीवर बेतलेली आहे. अडचण ‘मार्गदर्शक’ या शब्दातच होती. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सक्तीची भाषा बोलत होता आणि त्याखालचे २०१७ चे नियम शिफारशीची. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात ही विसंगती नेमकी पकडली, नियम १५(१) कायद्याबाहेरचा ठरवला आणि किमान निकष बंधनकारक करण्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. पाठोपाठ ३० एप्रिल २०२५ रोजी केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवण्याच्या, प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे त्याच न्यायालयाने सांगितले. त्यातल्या एका याचिकाकर्तीचे डोळे ॲसिड हल्ल्यात जखमी झाले होते, आणि तिला कॅमेऱ्यासमोर पापण्यांची उघडझाप करून दाखवायला सांगण्यात आले होते.

तरीही मराठीपुरता हा प्रश्न न्यायालयात नव्हे, लिपिकाच्या टेबलावर सुटेल असे मला वाटते.

निकष पाळल्याचा देखावा करणे सोपे असते. पानाच्या कोपऱ्यात ‘अ+’ आणि ‘अ-’ची बटणे बसवली की काम झाले, असा समज आहे. (अक्षर मोठे करण्याची सोय ब्राउझरमध्ये मुळातच असते.) मराठी मजकुराची दुखणी याहून खोल आहेत. युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या पोटात ती रोमन अक्षरेच असतात. कृतिदेव या अशाच एका फाँटमधल्या ‘महारा’च्या जागी यंत्राला दिसते ‘ई जी के जे के’, आणि ते तसेच वाचले जाते. दुसरे दुखणे भाषेच्या खुणेचे. पानाच्या संहितेत ‘ही मराठी’ अशी नोंद नसेल, तर देवनागरी पाहून यंत्र हिंदीचा आवाज लावू शकते. मग ‘चांगला’मधला च ‘चहा’तल्या चसारखा ऐकू येतो. ऐकणारा निभावून नेतो, पण आपल्याच राज्याचा आदेश परक्याच्या तोंडून ऐकावा तसे ते असते. ही नोंद करायला एक ओळही लागत नाही.

मग स्कॅनचा हट्ट का? कारण आपला विश्वास मजकुरावर नसून शिक्क्यावर आहे. मजकूर दिला तर कोणी त्यात फेरफार करील, ही भीती अगदीच निराधार नाही. पण शिक्क्याचे चित्र उचलून दुसऱ्या कागदावर चिकटवणे आज शाळकरी मुलालाही जमते. डिजिटल स्वाक्षरीला २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली आहे. तिच्यामुळे मजकूर मजकूरच राहतो आणि नंतर कोणी हात लावला तर तेही कळते. तलाठ्याच्या सही-शिक्क्यावाचून डिजिटल सातबारा चालतो, हे खेड्यातल्या शेतकऱ्याच्याही अंगवळणी पडले आहे. जमिनीच्या बाबतीत जी हिंमत शासनाने दाखवली, ती साध्या परिपत्रकाला का पुरू नये?

शिवाय स्कॅन फक्त अंधांनाच अडवत नाही. शोधयंत्रालाही तो वाचणे कठीण जाते, म्हणून तीन वर्षांपूर्वीचा आदेश हुडकणारा डोळस अर्जदारही चाचपडतच असतो.

तपासायला तज्ज्ञ लागत नाही. एखाद्या कार्यालयाची पीडीएफ उघडावी, एक ओळ निवडून कॉपी करावी आणि कोऱ्या पानावर चिकटवावी. कधी ओळ येते. कधी ‘ई जी के जे के’ येते. आणि कधी कर्सर सहीवरून, शिक्क्यावरून, जावक क्रमांकावरून फिरून येतो आणि हाताला काहीच लागत नाही.