अजब बंगल्यातील दगडांचे दप्तर

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयास त्याच्या सरकारी नावाने ओळखणारा रिक्षावाला अद्याप माझ्या पाहण्यात आलेला नाही. ‘अजब बंगला’ एवढे दोन शब्द उच्चारले की तो भाडे सांगून मोकळा होतो. १८६३ साली, मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या अमदानीत स्थापन झालेल्या या संस्थेला लोकांनी परस्पर बहाल केलेली ही पदवी मला बालपणी मोठी सार्थ वाटे. पेंढा भरलेली जनावरे, कुण्या राजाचा ताम्रपट आणि लाकडासारखा दिसणारा पण हाताला थंड लागणारा दगड हे सारे एकाच छपराखाली पाहून बाहेर पडताना आम्हां मुलांच्या डोक्यात जी खिचडी होई, तिला ‘अजब’ याहून नेमका शब्द कोणता असणार? पुढे वय वाढले, वाचन थोडेफार झाले, आणि या शब्दाविषयी मनात एक किंतु उत्पन्न झाला. आश्चर्याची एक जात अशी असते की ते माणसाला दोन पावले मागे सारते आणि ‘अबब’ म्हणायला लावते. दुसरी अशी असते की ते माणसाला पुढे वाकायला लावते. जीवाश्मांचे जे प्रदर्शन आज आपण लोकांपुढे मांडतो, ते बहुतांशी पहिल्या जातीचे आहे, आणि विदर्भाच्या भूमीने जे जीवाश्म आपल्या हवाली केले आहेत, ते मात्र जवळजवळ सर्वस्वी दुसऱ्या जातीचे आहेत, ही माझी प्रस्तुत लेखातील तक्रार आहे.

रमण विज्ञान केंद्राच्या आवारात प्रागैतिहासिक प्राण्यांच्या ज्या प्रतिकृती उभ्या आहेत, त्यांच्यापुढे सुट्टीच्या दिवसांत आईबापांची छायाचित्रांसाठी झुंबड उडते, आणि त्यात गैर काहीच नाही. पाच वर्षांच्या पोराने प्रचंड जबडा पाहून आईच्या पदरामागे दडावे, हा त्याचा हक्कच आहे. गैर आहे ते एवढेच की, मेळ्यामेळ्यांतून विजेच्या जोरावर मान हलवून गुरगुरणारा टिरॅनोसॉरस हा उत्तर अमेरिकेचा रहिवासी नागपूरच्या मुलाला नावानिशी ठाऊक असतो, आणि वरोऱ्याजवळच्या डोंगरगावच्या टेकडीतून निघालेला, तृणपर्णावर पोसलेला इसिसॉरस मात्र त्या मुलाच्याच काय, त्याच्या मास्तरांच्याही कानी आलेला नसतो. त्याची हाडे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी उकरून काढली, त्यांचे शास्त्रीय वर्णन १९९७ साली प्रसिद्ध झाले, आणि पुढे २००३ मध्ये त्या प्राण्याला जे नाव मिळाले ते त्या संस्थेच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून. चंद्रपूर जिल्ह्याच्या मातीतल्या प्राण्याच्या नावात चंद्रपूर नाही. याबद्दल दोष द्यायचा तर संशोधकांना का द्यावा? ज्याने खणले त्याने नाव ठेवले.

पण डोंगरगावापर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. सीताबर्डीचा किल्ला नागपूरकरास ठाऊक आहे तो १८१७ च्या नोव्हेंबरातील लढाईमुळे, ज्या लढाईत भोसल्यांच्या दौलतीचा निकाल लागला. त्या टेकडीच्या पोटात जो दुसरा, कितीतरी जुना मजकूर लिहिलेला आहे, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. खाली लाव्हारसाचा एक थर, त्याच्या पोकळ्यांत नंतर साचलेल्या पांढुरक्या खनिजांचे बदामी ठिपके असलेला. वर दुसरा थर, घट्ट काळ्या फत्तराचा. आणि या दोहोंच्या मध्ये गोड्या पाण्यात साचलेल्या गाळाची एक क्षीण पट्टी. या क्षीण पट्टीचा अर्थ मोठा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्ह्याचे लोटामागून लोट पसरत होते, परंतु एका लोटाचा दुसऱ्याशी सलग संबंध नव्हता. मध्ये दीर्घ विराम पडत होते. त्या विरामांत निवालेल्या खडकावर पाऊस पडून तळी साचत, तळ्यांत गोगलगायी व शिंपले नांदत, काठाला ताड व इतर वृक्ष वाढत, आणि मग एके दिवशी पुढचा लोट येऊन या साऱ्या संसारावर झाकण घाली. गाळात मुरलेल्या सिलिकेने त्या चिखलाची गारगोटी केली, आणि शंख जसेच्या तसे राहिले.

हा मजकूर प्रथम लक्षपूर्वक वाचणारे गृहस्थ भूशास्त्राचे पंडित नव्हते. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडहून १८४५ साली नागपुरास आलेला मिशनरी. धर्मप्रसार व शाळा चालविणे हे त्याचे काम, आणि दगड हा त्याचा फावल्या वेळचा छंद. ज्याच्या नावाचे महाविद्यालय शहरात १८८३ पासून नांदत आहे, तोच हा हिस्लॉप. सहकारी रॉबर्ट हंटर याच्या सोबतीने नागपूरलगतच्या टाकळीच्या माळावर त्याने शंख वेचले, आणि १८५५ साली या दोघांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरील विस्तृत निबंध लंडनच्या भूवैज्ञानिक परिषदेच्या नियतकालिकात छापून आला. नागपूरच्या दक्षिणेस साठ मैलांवरील मांगली या गावच्या खडकातून मिळालेली एका उभयचर प्राण्याची कवटी विलायतेस गेली, आणि ‘डायनोसॉर’ हा शब्द ज्याने घडविला त्या रिचर्ड ओवेननेच तिचे वर्णन करून त्या प्राण्याला ‘ब्रॅकिऑप्स’ असे नाव दिले. ज्या प्राचीन महाखंडाचा तो प्राणी निवासी, त्याचे ‘गोंडवन’ हे नाव आमच्या गोंड राजांच्या मुलखावरून पडले. हे शहर ज्या बख्त बुलंदने वसविले तोही गोंडच. पण याचे स्मरण देणारी पाटी शहरात कोठे आहे काय, हा प्रश्न मी आता विचारीनासा झालो आहे.

हिस्लॉपचा अंत ४ सप्टेंबर १८६३ रोजी झाला. टाकळघाट येथील शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून तो संध्याकाळी घोड्यावरून परतत होता, वाटेतील ओढ्याला पूर आला होता, आणि त्या पुरात तो बुडाला. ज्या वर्षी अजब बंगला उभा राहिला, त्याच वर्षी त्यातील दगड वाचून दाखवू शकणारा मनुष्य नाहीसा झाला. हा योगायोग आहे हे मी जाणतो, तरी तो मला चटका लावून जातो.

जीवाश्म आणि जुना कागद यांचे नाते इतिहासाच्या अभ्यासकास समजावून सांगावे लागत नाही. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यावरच्या पेटाऱ्यांतून, वेळी वाण्याच्या रद्दीतून जे कागद सोडविले, त्या कागदांचे मोल केवळ त्यांवरील शब्दांत नव्हते. एखादा कागद कोणत्या घराण्याच्या दप्तरातला, कोणत्या रुमालातला, त्याच्या वर व खाली कोणते कागद बांधलेले होते, यावरून त्याची अस्सलता ठरे व काल निश्चित होई. रुमालातून सुटून बाजारात आलेला एकटा कागद हा शोभेचा जिन्नस होतो, दाखला होत नाही. खडकाचेही तेच आहे. थर हा त्याचा रुमाल. मौजे, टेकडी, किती हात खोल, कोणत्या दगडाच्या वर व कोणत्याच्या खाली, ही त्याची बारनिशी. ती नोंद हरवली की शंख उरतो, त्याची साक्ष संपते.

आणि साक्ष किती क्षुद्र वस्तूतून मिळू शकते! वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याच्या शिवारात, तांबड्या मातीत, बटाट्याएवढे तपकिरी गोटे सापडतात. तिकडे गेलो असता एका शेतकऱ्याने धुऱ्यावर बसल्या बसल्या मला सांगितले, “अशे गोटे तं आमच्या वावरात लय भेटते, पाह्यजे तेवढे न्या.” हातात घेतला तर तो जड, गुळगुळीत, एका टोकाला किंचित निमुळता; वास अर्थातच नाही, तरी मी नकळत नाकाशी नेला, आणि तो शेतकरी हसला. त्याला ठाऊक होते. हे गोटे म्हणजे डायनोसॉरच्या काळातील अश्मीभूत विष्ठा. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी व त्यांचे सहकारी यांनी या गोट्यांचा अंतर्भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकेचे कण दाखवून दिले. तोवर डायनोसॉरच्या युगात गवत नव्हते, ही समजूत जगभर रूढ होती. चित्रकारही त्या प्राण्यांच्या पायांखाली नेचे रंगवीत आले होते. पुढे २०११ मध्ये त्याच कणांत भाताच्या कुळाचेही पूर्वज ओळखले गेले. भंडारा-गोंदियाचा शेतकरी ज्या कुळातील पीक घेतो, त्याचे एक अतिप्राचीन प्रमाणपत्र चंद्रपूरच्या शिवारातील शेणात निघावे, याहून अजब ते काय असू शकेल? पण हे अजब पाहण्यासाठी वाकावे लागते, भिंग लागते, आणि कुणीतरी शेजारी उभे राहून सांगावे लागते.

दगडाचे वाचन एकदा केले की संपले, असेही नाही. या शास्त्रातील निकाल वारंवार फेरतपासणीस येतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे, नागपूरशी दीर्घकाळ निगडित असलेले धनंजय मोहबे यांनी १९८४ मध्ये गुजरातेतील ढोली डुंगरीच्या खडकातून डायनोसॉरच्या घरट्याचा एक तुकडा काढला. त्यातील नाजूक हाडे पिल्लांची आहेत असे तेव्हा ठरले व तसे प्रसिद्धही झाले. २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांनी त्याच तुकड्यात सापाचे मणके ओळखले. आणि २०१० मध्ये निबंध आला तो असा की, साडेतीन मीटर लांबीचा एक साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला असताना, शेजारी पिल्लू असतानाच, तो सारा प्रसंग गाळाखाली गाडला गेला. पहिले वाचन चुकले होते, असे म्हणण्यापेक्षा ते अपुरे होते असे मी म्हणेन. आणि तुकडा जपून ठेवला होता म्हणूनच दुसरे वाचन शक्य झाले. याच्या उलट उदाहरण जबलपूरचे. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनने १८२८ मध्ये तेथे वेचलेले, आणि १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस’ या नावाचा आधार झालेले शेपटीचे हाड दीर्घकाळ गहाळ होते. ते २०१२ मध्ये मिळाले, तेही कोठे? सर्वेक्षणाच्या कलकत्त्याच्या संग्रहातच. मुद्देमाल सरकारी कोठारात असून सरकारी कागदांत बेपत्ता, हा प्रकार आमच्या कचेऱ्यांना नवा नाही.

म्हणून मला वाटते की, दरवर्षी १८ मे रोजी संग्रहालयदिन साजरा होतो तेव्हा मुलांना केवळ हाडे दाखवू नयेत, तर नोंदी दाखवाव्यात. ढोली डुंगरीच्या तुकड्याची प्रतिकृती मांडून तिच्याशेजारी १९८४ चा समज आणि २०१० चा समज असे दोन्ही लावावेत, आणि मुलांनाच साप शोधायला सांगावे. पिसदुऱ्याचा गोटा काचेआड न ठेवता हातात द्यावा. एका प्रदर्शनात तसे घडताना मी पाहिले आहे, आणि ‘ई, शेण!’ असे किंचाळून फेकू पाहणारी मुलगीच पुढे अर्धा तास भिंगाला चिकटून होती. कोणी म्हणेल, असल्या मांडणीने गर्दी जमणार नाही, आणि गर्दीवाचून अनुदान नाही. या आक्षेपात तथ्य आहे. गुरगुरणारा डायनोसॉर दाराशी उभा करण्यास माझी ना नाही. पण दार ओलांडल्यावर आत तोच उभा असेल, तर दार कशासाठी?

माझ्या लिहिण्याच्या मेजावर टाकळीकडचा एक गारगोटीचा तुकडा आहे. त्यात फायसा जातीच्या गोगलगायीचा शंख रुतलेला आहे. शेंडा वर धरला की त्याचे तोंड डाव्या हाताला येते, हे त्या जातीचे लक्षण. लहानपणी विहिरीच्या खोदकामावरून वडिलांनी तो आणून दिला होता. काही वर्षांपूर्वी तो एका संग्रहात जमा करावा म्हणून मी घेऊन गेलो. तेथील वृद्ध भूशास्त्रज्ञाने भिंग लावून तो निरखला, ‘सुरेख आहे’ म्हणाला, आणि नोंदवही उघडून लेखणी सरसावली. विहीर कोणाची? टाकळीत कोणत्या बाजूस? किती खोल? माझ्यापाशी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. वडील हयात नाहीत, आणि त्या माळावर आता वसाहती आहेत. त्याने वही मिटली व दगड माझ्याकडे सरकवला. तेव्हापासून तो माझ्या कागदांवर वजन म्हणून आहे.