अमानत आणि किल्ली

वक्फ केलेली विहीर पुन्हा कुणाच्या मालकीची होत नाही. मुतवल्ली तिचा राखणदार, धनी नव्हे. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना काहीसा असाच. एकदा लोकांना दिलेला प्रोग्रॅम परत घेता येत नाही. पण असे असंख्य प्रोग्रॅम ज्या गिटहबवर ठेवलेले असतात, ते २०१८ पासून मायक्रोसॉफ्टचे आहे. विहीर वक्फची आणि आवार सावकाराचे, असा हा प्रकार.

डिसेंबर २०१४ मध्ये इसिसच्या प्रचाराचे कारण देऊन सरकारने ३२ संकेतस्थळे बंद करविली. त्यांत गिटहबही होते. चार पानांपायी साऱ्या आवाराला कुलूप! आपल्या वस्त्यांना हा न्याय परिचयाचा आहे. गिटच्या रचनेमुळे प्रत्येक प्रतीत सारा इतिहास असतो, म्हणून प्रोग्रॅम वाचतो. चुकांच्या नोंदी आणि चर्चा मात्र मालकाच्या जागेत अडकतात. डेबियनने 'सालसा' हे स्वतःचे भांडार उभारले आहे. जर्मनीतले 'कोडबर्ग' सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालते.

आम्हीही तसे करावे काय? फोंडाघाटात आषाढात झाड तारांवर पडले की वीज जाते. पण खरी अडचण विजेची नाही. रोज प्रत काढून ठेवणे, सर्व्हरची भगदाडे बुजवणे हे काम एखादा तरुण हौसेने पत्करतो आणि दुबईची नोकरी लागली की पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. मग तो मुतवल्ली की मालक? सावकाराला नावे ठेवणे सोपे. अमानत सांभाळायला दुसरा माणूस तयार न करणे हीसुद्धा खियानतच, असे आम्हाला वाटते. किल्ली निदान दोघांकडे आणि एक प्रत घाटावर कोल्हापुरात, एवढी सोय झाल्याखेरीज आम्ही तरी दुसऱ्यांचे काम ठेवून घेणार नाही.