अर्धा शेतकरी

आमच्या तारकर्लीत चावदिसाच्या पहाटे तुळशीपाशी कारीट फोडावयाचे आणि मग नव्या भाताचे पोहे खावयाचे, असा रिवाज आहे. पोह्यांवर ओला नारळ हवाच. गेल्या दिवाळीत तो शेजाऱ्याच्या माडाचा होता. आणि तो त्या माडाचा शेवटचा ठरला.

शेजारी रापणीवर जातो आणि उरल्या वेळात पाच-दहा माड सांभाळतो. मी मॅट्रिक झालेला मास्तर. शाळा सुटली की थोडे भात, थोडे माड पाहतो. एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला सरकारी दप्तरात सीमांत शेतकरी म्हणतात. आम्ही त्यातलेही अर्धे!

त्याच्या माडाला गेंड्या भुंगा लागला. हा किडा सुईतले कोवळे पान आतच कुरतडतो. ते उलगडले की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखे दिसते. त्या जखमेतून पुढे सोंड्या शिरला, आणि शेंडा कोलमडला.

काही दिवसांनी मी शेतकऱ्यांच्या एका वर्गाला गेलो. तेथे कळले, की या भुंग्याच्या अळ्या कुजत्या शेणखतात वाढतात. घरी येऊन माझी गायरी उकरली. अंगठ्याएवढ्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या वळवळत होत्या. गायरी माझी; मेलेला माड त्याचा.

मी त्याला सारे सांगितले. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "गुरुजी, तुम्ही पोरांका शिकवतास. मगे तुमका ह्यां कोणी शिकवल्यान नाय?"

नकळत झालेल्या चुकीला दोष नाही, असे मी मुलांना सांगत आलो आहे. परंतु माझे अज्ञान तितके निष्पाप होते काय? त्या वर्गाची सूचना आदल्या वर्षीही आली होती. "आपण कुठले खरे शेतकरी!" असे म्हणून मी ती बाजूला ठेवली होती. त्या बोलण्याला मी नम्रता समजलो. होता तो आळस. शेजाऱ्यालाही ती सूचना मिळाली होती. पण वर्ग सकाळी दहाचा, आणि त्या वेळी तो किनाऱ्यावर दोर ओढत असतो. गैरहजर दोघेही, दोष मात्र सारखा नाही.

विद्येची वाण आहे, असेही नव्हे. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातील काजूच्या जाती कोकणभर लागल्या. देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पाँडिचेरीस निघाले; आज आमच्या तालुक्यातही किर्लोसला असे केंद्र आहे. अडते ते शेवटच्या चार पावलांवर. ती कोणी चालावी? वाटते, ज्याला वेळ आहे त्याने. रोपे फुकट वाटणे सोपे आहे. दुसऱ्याच्या सवडीने शिकवणे कठीण. आणि भुंगा काही कुंपण पाहून उडत नाही, म्हणून माझे शिकणे हा माझा खाजगी प्रश्न उरत नाही.

आता जाळी वाळत घातल्यावर, संध्याकाळी, चार-पाच जण माझ्या खळ्यात बसतात. वर्गात ऐकलेले मी सांगतो. वाऱ्याचे, वाळूचे, खाऱ्या पाण्याचे ते मला सांगतात. मेल्या माडाच्या जागी एक रोप लावले आहे. त्याला नारळ धरायला काही वर्षे जातील.

यंदा कारीट फोडण्याआधी आम्ही दोघांनी मिळून दोन्ही गायऱ्या उपसल्या. नरकासुर, वाचकहो, दर वेळी दुसऱ्याच्याच परसात असतो असे नाही.