धवळ्यांतील आर्त आणि वार्धक्य

वार्धक्यात मनुष्याचे नेमके काय जाते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. दृष्टी मंदावते, पाय थकतात, पाठ केलेले विसरते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. परंतु ‘आता माझे शिकण्याचे वय सरले’ असे एखादा वृद्ध साधक म्हणतो, तेव्हा शरीराच्या क्षीणतेवरून तो जिज्ञासेच्या समाप्तीचा निष्कर्ष काढीत असतो. हा निष्कर्ष यथार्थ आहे काय, याचा विचार महदंबेच्या धवळ्यांच्या आधारे येथे करावयाचा आहे.

धवळा म्हणजे विवाहप्रसंगी वराला उद्देशून गावयाचे गीत. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंनी विवाहाचा खेळ आरंभिला आणि महदंबेस धवळे गावयास सांगितले. तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची कथा गायिली. ती आद्य मराठी कवयित्री, हे सर्वांस ठाऊक आहे. ती बालविधवा होती, हे मात्र तितके ध्यानात घेतले जात नाही. जिला स्वतःचा संसार लाभला नाही, तिच्या मुखातून हे मंगल काव्य प्रकटले. जे आपल्या वाट्यास आले नाही, त्याची कटुता तिने मनात साठविली नाही, म्हणूनच हे घडले. वार्धक्याचा पहिला शत्रू दुर्बलता नव्हे. हीच साठविलेली कटुता होय.

या कथेत दृढ राहणारी माणसे दोन आहेत. रुक्मिणी श्रीकृष्णास निरोप धाडते आणि वाट पाहते. लग्नघटिका जवळ येते, शिशुपाल वऱ्हाडासह येऊन ठेपतो, तरी तिचे आर्त ढळत नाही. तिचा बंधू रुक्मी हाही ढळत नाही. बहीण शिशुपालासच द्यावयाची, या आपल्या शब्दास तो चिकटून राहतो. बाह्यतः दोघांची दृढता सारखीच दिसते. भेद आहे तो विषयाचा. रुक्मीची दृढता स्वतःच्या शब्दासाठी आहे, रुक्मिणीची श्रीकृष्णासाठी. पहिलीस दुराग्रह म्हणावे, दुसरीस निष्ठा. उतारवयात मनुष्य बहुधा दृढच असतो. त्याची दृढता यांपैकी कोणती, हे त्याने स्वतःच पारखावे.

पारखावे कशाने? त्याचे उत्तर महदंबेच्या चरित्रातच आहे. ही म्हातारी जिज्ञासू आहे, चर्चा करणारी आहे, काही ना काही विचारीतच असते, अशा आशयाचे कौतुक सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी केल्याचे लीळाचरित्रात आले आहे. दुराग्रही मनुष्य प्रश्न विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर अगोदरच ठरलेले असते. जो अद्याप विचारतो, त्याची निष्ठा जिवंत आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. ज्याची स्मृतीच लोपू लागली, त्याने जिज्ञासा कोठून आणावी? थकलेल्यास चिकाटीचा उपदेश करणे ही निर्दयता नव्हे काय? आक्षेप सबळ आहे आणि केवळ उपदेशाने तो दूर होणार नाही. परंतु धवळ्यांची रचना कशी झाली ते पाहावे. पूर्वार्ध श्रीप्रभूंच्या सांगण्यावरून झाला. उत्तरार्ध श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर, गुरुबंधूंच्या आग्रहावरून झाला. जी जन्मभर विचारीत आली, तिला उतारवयात इतरांनी विचारले, म्हणून कथा पूर्णत्वास गेली. म्हाइंभटांनीही ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिल्या त्यांना गाठून विचारले, म्हणून लीळाचरित्र सिद्ध झाले. विचारणारा नसता, तर त्या आठवणी देहाबरोबर लय पावल्या असत्या.

तात्पर्य, वार्धक्यातील चिकाटी हा एकट्या वृद्धाचा गुण नव्हे. त्याच्याकडे जे आहे ते मागणारा कोणी जवळ असावा लागतो. आपण मठात, घरात वृद्धांना जेवण-औषध देतो, नमस्कारही करतो; परंतु त्यांना काही विचारतो काय? न विचारता केलेल्या सेवेने देहाचे रक्षण होते, पण मनुष्य दिवसेंदिवस मुका होत जातो. वृद्धांनी विचारणे सोडू नये, हे त्यांचे कर्तव्य. त्यांना विचारीत राहणे, हे आपले. तीच गोष्ट दहादा ऐकावी लागली तरी अकराव्यांदा विचारावे. आजवर न सांगितलेले एखादे कडवे त्या वेळी निघेल.