बांधण्यापूर्वी क्षणभर

ऐन उन्हाळ्यात रोह्याची कुंडलिका वाहते, ती सह्याद्रीपलीकडच्या मुळशीच्या पाण्यावर. १९२७ पासून ते भिरा वीजकेंद्रातून उतरते. देहातही असेच घडते. श्वासपटलाच्या तंतुमय कमानीखाली यकृताकडे रक्त नेणारी मुख्य धमनी दबली, तर स्वादुपिंडाभोवतीच्या बारीक वाहिन्या मुकाट्याने ते रक्त पोचवतात. स्वादुपिंडाच्या शिराचा कर्करोग काढताना नेमकी ही आडवाट तोडावी लागते. म्हणून जाणता शल्यविशारद ती आधी चिमट्याने दाबून यकृताच्या धमनीचे स्पंदन चाचपतो. ते हरपले, तर प्रथम कमानीचा पट्टा सोडवून मुख्य वाट मोकळी करतो.

पेण असो वा रोहे, घरातले एखादे वृद्ध माणूस निरुपयोगी ठरवताना आम्ही असे क्षणभर थांबतो का? त्याच्या आधारावर कोण जगत आहे, हे ठाऊक नसणे हा अपराध नव्हे. न चाचपता तोडणे हा मात्र खचितच आहे.